चौथऱ्याची माती

कौसाबाईने नाकाला पदर लावला आणि चौथऱ्याच्या पायथ्याशी फिनेलची बाटली उपडी केली. वास गेला नाही. फिनेल आणि मूत एकत्र होऊन तो आणखीच उग्र झाला.

"मावशी, आटप ना. भाऊसाहेब निघालेत," त्यांचा कार्यकर्ता संतोष मांडवातून ओरडला. पांढराशुभ्र कुर्ता, गळ्यात जाड साखळी, कानाला मोबाइल. "सारवून एकदम चकाचक पाहिजे. फोटोत दिसणार आहे."

बदलापूर गावच्या या नाक्यावर इंग्रजांच्या काळातल्या एका पाद्र्याचा दगडी पुतळा होता. प्लेगमध्ये त्याने औषधं वाटली म्हणून गावानेच वर्गणी काढून बसवलेला. त्याला कधी कुणी हार घातला नाही, पण एक गोष्ट गावातला प्रत्येक पुरुष मानायचा: पाद्रीबाबासमोर धार धरली की मुतखडा होतो. कुणाला झाला, हे कुणी विचारलं नाही. त्यामुळे नाका असूनही ती जागा कोरडी राहायची, आणि पुतळ्याच्या सावलीत कौसाबाई शेवळं, कुर्डू, टाकळा अशा रानभाज्या मांडून बसायची. तिची सासूही तिथेच बसायची.

गेल्या वर्षी संतोषने मोर्चा काढला. गुलामीची खूण गावात नको म्हणाला. पुतळा टेम्पोत चढला आणि गेला. कुठे, ते विचारायची कुणाला गरज वाटली नाही. त्याच संध्याकाळी चौथऱ्याला पहिली धार लागली आणि मग रांगच लागली. मुतखड्याची भीती टेम्पोतून गेली होती, आणि लाज मुळात कधी नव्हतीच. ओरड झाली तेव्हा संतोषने चौथऱ्याला देवांच्या टाइल्स लावल्या. लोक टाइल्सपासून हातभर सरकून डाव्या कोपऱ्यात उभे राहू लागले. तेवढी श्रद्धा अजून शिल्लक होती.

अशा जागी भाजी कोण घेणार? गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून पुढे जायची. पलीकडे बसावं तर दुकानदार हाकलायचे. म्हणून संतोष जेव्हा म्हणाला, "मावशी, पूजेआधी साफ करून, सारवून दे, मग तुझी जागा तुला फायनल," तेव्हा ती तयार झाली. खरं तर गेल्याच आठवड्यात तिने त्यालाही डाव्या कोपऱ्यात पाहिलं होतं. बाइक उभी करून, खांद्याने मोबाइल कानाशी दाबून. तिला बघून त्याने ओळखीची मानही हलवली होती. तिला तेव्हा शिसारी आली होती. पण पोट आहे.

सारवण झालं. संतोषच्या बायकोने, ऋतिकाने, श्वास रोखून रांगोळी काढली आणि ती लांब जाऊन उभी राहिली. नवा पुतळा कुणाचा, यावर दोन गटांतलं भांडण अजून मिटलं नव्हतं. पण निवडणूक तोंडावर होती, म्हणून आमदार भाऊसाहेबांच्या हस्ते भूमिपूजन आधी.

कौसाबाईने हात धुतले, उजव्या बाजूला गोणपाट अंथरलं आणि भाजीची पाटी ठेवली.

"मावशी, हे काय?"

"माजी जागा. तूच बोल्लास ना."

"अगं, ते आधीचं. आता पूजा होणार इथं. पवित्र जागा आहे ही, धंदा बरा दिसतो का? सगळीकडून रेलिंग येणार आहे." त्याने आवाज उतरवला. "जरा समजून घे ना यार. पब्लिक बघतंय."

आणि त्याने चपलेच्या टोकाने पाटी बाजूला सरकवली. शेवळाची एक जुडी खाली पडली. कौसाबाईने ती उचलली, झटकली, परत पाटीत ठेवली. हात धुतले होते तरी बोटांना फिनेलचा वास येत होता.

भाऊसाहेब आले. हार झाले, नारळ फुटला, कुदळीला कुंकू लागलं. मग भटजी म्हणाले, "आता या भूमीची माती कपाळी लावायची."

संतोषने खाली पाहिलं. सगळीकडे ओलं शेण. "मावशी, चिमूटभर माती काढून दे ना. पटकन."

"देते की," कौसाबाई म्हणाली.

तिने पाटीतलं खुरपं घेतलं आणि ती चौथऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात गेली. टाइल्स संपतात तिथे सारवण खरवडलं. खालची माती काळी होती, मऊ आणि ओलसर. चिमूटभर म्हणाला होता, तिने मूठभर काढली. विड्याच्या पानावर ठेवून, पदर सावरून, दोन्ही हातांनी तिने ती पुढे केली.

भाऊसाहेबांनी टिळा लावला. संतोषने लावला तो चांगला भुवईपासून केसांपर्यंत, आणि फोटोवाल्याने सांगितलं म्हणून पुन्हा एकदा लावला. मागून कार्यकर्ते पुढे झाले. पान हातोहात फिरलं.

भाऊसाहेबांनी सहज बोट नाकाशी नेलं. तिथेच ठेवलं. मग त्यांनी संतोषकडे पाहिलं.

संतोष घाईने कौसाबाईजवळ आला. कपाळावरची माती घामाने नाकावर उतरत होती.

"मावशी, माती कुठली दिलीस?"

कौसाबाई पाटी डोक्यावर घेत होती.

"हितलीच रं, पवित्र," ती म्हणाली. "तू उबा ऱ्हातोस ना, तिथली."