न घातलेल्या घड्या

"मावशी, काल माझ्या वाटणीच्या चादरींच्या घड्या तुम्हीच घातल्यात ना? फार आधार वाटला हो."

नवीन लागलेली बाई डबा उघडता उघडता सगळ्यांसमोर बोलली. इस्पितळाच्या लाँड्रीत असं कोणी कोणाला म्हणत नसे. चौघं जुनी, चौघांची तोंडं चार दिशांना. गाठोडी रोज उशिरा जात आणि रोज एकमेकांच्या नावाने खडे फोडले जात. आता हे काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं साहेबांच्या मनात होतं.

इस्त्रीवाल्या मावशी चमकल्या. घड्या त्यांनी घातल्याच नव्हत्या. काल तर त्या पाचाच्या ठोक्याला चपला घालून चालत्या झाल्या होत्या. पण चारचौघांत कौतुक, तेही वीस वर्षांत पहिल्यांदा! नाही म्हणायला जीभच उचलेना.

"त्यात काय एवढं," त्या पुटपुटल्या.

संध्याकाळी मात्र मन खाऊ लागलं. फुकटचं पचतं थोडंच? मावशी थांबल्या, नवीच्या चादरींच्या खरोखरच घड्या घातल्या. हातासरशी मशीनवाल्या काकांचा ओला ढीगही वाळत टाकला.

दुसऱ्या दिवशी काकांनी मावशींची जड टोपली उचलून दिली. पुढे फाटकं शिवणारी ताई टोपल्या ढकलू लागली, गाडीवाला दादा गाठोडी बांधू लागला. दोन महिन्यांत माल वेळेवर जायला लागला, डबे एकत्र उघडायला लागले. ठेकेदाराचं नाव मागे पडलं.

मावशींच्या मनातला सल तेवढा राहिला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांना राहवेना.

"आज खरं सांगते. त्या पहिल्या घड्या मी घातल्याच नव्हत्या. ज्याने घातल्या असतील, त्याने मला माफ करावं."

कोणी हसलं नाही. काका खाकरले.

"मशीनची जाळी साफ केली म्हणून हिने माझे आभार मानले होते. मी तर जाळीला हातही लावला नव्हता. म्हटलं, मावशींनी केली असेल."

"आणि माझ्या नावावरचे ते शिवलेले अभ्रे?" ताई हळूच म्हणाली.

दादाने नुसतीच मान खाली घातली.

मग चौघांनीही नवीकडे पाहिलं. ती लाजून हसली.

"पहिल्या दिवशी सगळ्यांकडे मदत मागितली होती, कोणी दिली नाही. मग म्हटलं, आभारच आधी मानून बघू."