फाटकावरचा फलक

इबादान शहरातल्या एका शिकवणीत ओगुन्डेले सरांनी विचारलं, "तीस मुलींच्या गुणांची सरासरी पन्नास, दहा मुलांची सत्तर. सगळ्यांची मिळून किती?"

"साठ, सर," मोरेनिके ऐटीत म्हणाली.

"वा, बाईसाहेब. दोन आकडे मिळवले आणि अर्धे केले. तीस डोकी आणि दहा डोकी सारखीच भरली होय तुझ्या तराजूत? जा, फाटकाशी गुडघे टेक, हात वर. चूक उमगली नाही, तर उद्यापासून धाकट्यांच्या वर्गात बसायचं."

फाटकाशी मोरेनिकेने मनातल्या मनात गणित पुन्हा मांडलं आणि ते चटकन सुटलं. पंचावन्न. मग वेळ जाईना, म्हणून तिने सरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला भलामोठा फलक वाचायला घेतला. सकाळची तुकडी: छत्तीस विद्यार्थी, सरासरी चाळीस. संध्याकाळची खास तुकडी: चार विद्यार्थी, सरासरी नव्वद. आणि खाली लालभडक अक्षरांत, 'आमची सरासरी पासष्ट'. प्रवेशासाठी आलेले पालक त्या पासष्टकडे बघून माना डोलावत होते.

तेवढ्यात सर आले. "काय गं, कळली का चूक?"

"कळली सर," पालकांना नीट ऐकू जाईल अशा बेताने मोरेनिके म्हणाली. "माझं साठ नाही, पंचावन्न. आणि फलकावरचं पासष्ट नाही, पंचेचाळीस."

 

"मग सर," तिने लगेच पुढे विचारलं, "ज्यांनी तो फलक रंगवला, तेही उद्यापासून धाकट्यांच्याच वर्गात बसणार ना?"