सात नंबरचा लॅपटॉप

"ह्यानं नऊ वर्षं काढली? ह्या धुळीत?"

बद्रीनाथनं लॅपटॉप उलटा केला. तळाला त्याच्याच हातचा आकडा होता, सात. शेजारी वाड्यात मेंढरं एकमेकांना रेटत होती आणि वाऱ्यावर लोकर उडत होती. असल्या जागी माणसाचा घसा टिकत नाही, मशीन कसं काय टिकलं बुवा?

बद्रीनाथचं चौसाळ्यात दुकान. कंपन्यांनी वापरून काढलेले दहा लॅपटॉप त्यानं नऊ वर्षांपूर्वी आणून विकले होते. नऊ जण दोन-तीन वर्षांत तोंड वाकडं करून परत आले. राहिला एक, सात नंबर नेणारा तलवाड्याचा सटवा मेंढपाळ. तो काही फिरकलाच नाही. आता बीडच्या एका मुलींच्या वसतिगृहाला तसलेच तीस लॅपटॉप हवे होते, आणि वर तीन वर्षांची लेखी हमी. सही केली आणि मशीनं बंद पडली, तर दुकानाला कुलूपच. म्हणून सातव्याचं गुपित काय ते बघायला तो सकाळीच गाडीला किक मारून आला होता.

"कधी पडला असंल की?"

"लई डाव," सटवा म्हणाला. "एकदा तर मेंढा नाचला त्याच्यावर."

"पाणी?"

"पाणी बी आन् च्या बी."

बद्रीनाथला आता राहवेना. पत्रा जाड असेल? का बिजागऱ्याच वेगळ्या? त्यानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, मागचं झाकण उघडलं आणि बघतच राहिला. आत लोकरीचा एक धागा नव्हता. एक बिजागरी तांब्याच्या तारेनं आवळलेली. स्क्रू चार जातींचे. आणि पंख्यावर मार्करनं लिहिलेलं होतं, चार.

अक्षर त्याचंच. दहा मशीनांचे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून विकण्याआधी आतल्या सगळ्या भागांवर आकडा टाकायची त्याची सवय. चार नंबर आष्टीच्या एका मास्तरांचा. बंद पडला म्हणून ते आले होते, तर बद्रीनाथनं त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच वाटेला लावलं होतं.

"सटवाभाऊ, हे कुणी केलं?"

"पोरीनं. तिच्या शाळेसाठीच घेतलता." सटवानं हाक मारली. मेंढीच्या खुरातला काटा काढत बसलेली शिवकन्या हात पुसत आली. आता चांगली विशीची झाली होती.

"अकरा डाव बंद पडलाय, काका," ती म्हणाली. "आष्टीकडं मेंढरं घेऊन गेलतो, तवा भंगारात ह्याचा जोडीदार घावला. त्याचं एकेक काढून ह्याला लावते. सांजच्याला मेंढरं तपासते, तसा ह्यो बी बघते."

"अगं, पण माझ्याकडं का आणला न्हाई?"

बापलेकीनं एकमेकांकडं पाहिलं. सटवाला प्रश्नच कळेना.

"शेठ, तुमीच म्हणला व्हता, एकदा नेला की परत आणायचा न्हाई. मी चार्जरची वायर हातात घिऊन हो म्हणलं. आमच्यात जनावराच्या दाव्याला हात लावला म्हंजी सौदा झाला की. मग परत कोणत्या तोंडानं यायचं?"

बद्रीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती अट त्यानं दहाही जणांना घातली होती. आपण काय बोलून गेलो, हे त्याच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

हमीचा कागद खिशात तसाच घडी घातलेला होता. त्यानं तो बाहेर काढला.

"शिवकन्या, बीडच्या पोरींच्या वसतिगृहाला असली तीस मशीनं द्यायचीत, सांभाळशील? दुकानात ये. पगारावर."

तिचा चेहरा उजळला. पण लगेच हो म्हणाली नाही.

"सांभाळीन की. पण काका, कुण्या पोरीनं बंद पडला म्हणून परत आणला, तर घ्यायचा."

बद्रीनाथनं खाली वाकून लॅपटॉपच्या चार्जरची वायर हातात घेतली.