चाळीस वर्षांचं ‘हं’

“चांगल्या हाताला नावाजू नये, कान्जी. चव उडून जाते,” वडील म्हणायचे.

म्हणून कान्जी चाळीस वर्षं बायकोच्या, तोमिएच्या हातचं मिसो रामेन, म्हणजे नूडल्सचं सूप, खाऊन नुसतं “हं” म्हणाला. काल तिचा गुडघा सुजला. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या महागड्या तयार रामेनच्या कपात उकळतं पाणी ओतलं, ते गुपचूप रोजच्या वाडग्यात उलटलं आणि वर लोणी ठेवलं.

कान्जीनं भुरके मारत तळ गाठला. “वा! झकास!”

तोमिए कडाडली, “अहो, चाळीस वर्षं राबले मी, आणि ‘झकास’ त्या दुकानदाराला? विकतचं होतं ते!”

“ठाऊक आहे. कपाचं झाकण कचऱ्यात आधीच दिसलं होतं.”

“मग?”



“त्याची चव उडाली तर उडू दे. तुझी उडाली असती, तर मी काय खाल्लं असतं?”