त्र्यंबकेश्वराच्या वाटेवर

नाशिकजवळच्या तिसऱ्या वायनरीच्या फाटकापाशी पुंजाराम बाकावर टेकले आणि दुखरे गुडघे चोळू लागले. पहाटे संभाजीनगरहून निघताना मुलगा विश्वजीत म्हणाला होता, "आबा, तुम्हाला त्र्यंबकेश्वर दाखवतो." आता ऊन कलायला लागलं होतं.

"आत चला ना आबा, सरबतही मिळतं," कुत्र्याची साखळी सावरत विश्वजीत म्हणाला. "अहो, इथं कुत्र्यालासुद्धा आत घेतात!"

"त्याच्या गळ्यात पट्टा हाय बाबा, माझ्या गळ्यात माळ," तुळशीच्या मण्यांना हात लावत पुंजाराम म्हणाले. "दारूच्या दारात बसलो, तेवढंच लई झालं. तुम्ही जा."

मुलगा आणि सून तनुजा कुत्र्याला घेऊन आत गेले. जरा वेळात आतून त्याचं केकाटणं ऐकू आलं आणि तनुजा वैतागून त्याला ओढतच बाहेर घेऊन आली. मागोमाग विश्वजीत. आबांना बघताच कुत्रा गप्प झाला, त्यांच्या पायांवर डोकं टाकून पडला.

"बघितलंस?" तनुजा नवऱ्यावर चिडली. "आबांशिवाय हा कुठंच थांबत नाही. म्हणून तर त्यांना आणलं ना आपण!"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. विश्वजीत खाली बघायला लागला.

पुंजारामांनी साखळी आपल्या हातात घेतली, सुनेची पिशवीही बाकावर ओढून घेतली.

"असू दे पोरी. जावा, निवांत दर्शन घेऊन या," ते म्हणाले. "चपला सांभाळायला बाहेर कुणीतरी लागतंच."