पाठ टेकली

आबा माझ्या कॉलेजात पहिल्यांदाच आले, तालमीतली काठी घेऊन, मला हरताना बघायला. वस्तादाचा पोरगा कुस्ती सोडून उद्यमनगरातल्या भंगारातून ट्रकच्या वायपरच्या मोटारी जमवून लढणारा रोबो बनवतो, ही त्यांच्या लेखी घराण्याची नाचक्की होती. जाळीच्या रिंगणात पहिल्याच झुंजीत समोरच्या रोबोनं माझा रोबो उचलून उलटा आपटला. “चितपट! पाठ टेकली!” आबा जाळीबाहेरून ओरडले. “उचल तुझं भंगार!” समोरची पोरंही कोल्हापूरचीच, त्यांनी रिमोट खाली ठेवून शड्डू ठोकले. मी रोबोची चाकं धडापेक्षा मोठी ठेवली होती, सुलटा-उलटा कसाही पडला तरी जमिनीला टेकतील अशी. मी कळ दाबली. तो तसाच उलटा धावला, समोरच्याला कडेच्या खड्ड्यात लोटूनच थांबला. आबांनी जाळीवर काठी हाणली. “लबाडी हाय ही! पाठ टेकलीती की त्याची!” “त्याला पाठच न्हाय, आबा,” मी म्हणालो. “तुमच्या काठीखाली वाढलेला माणूस यंत्राला पाठ ठेवंल व्हय?”