धाप

मृदुला शेलार शिखर सर करून तळछावणीत परतली, तेव्हा तिला साधी धापही लागली नव्हती. धाप फुर्बा शेर्पाला लागली होती. तिच्या छातीवरच्या पट्ट्याचा जोडपट्टा त्याच्या छातीवर होता. चढायची ती, आणि तिचा दम सोसायचा त्याने, खाली तंबूत पडून. हल्ली वाटाडे असेच सोबत करत.

खाटेवरून तो निळ्या पडलेल्या ओठांनी हसला. "दीदी, चढाई ठीक होती. पण माथ्यावर काय झालं? वाटलं, आता जीव जातो."

सह्याद्रीतल्या प्रत्येक गडावर देते तशी तिने माथ्यावर बेंबीच्या देठापासून महाराजांची गारद दिली होती. मग व्हिडिओसाठी पुन्हा एकदा.

"वारा फार होता," ती म्हणाली.

तेवढ्यात साताऱ्याची मंडळी हार घेऊन तंबूत घुसली. "ताई, होऊन जाऊ दे गारद!"

पट्टे उतरवायला डॉक्टर अजून यायचे होते. सवयीने तिने छाती फुगवली. गारद म्हणजे काय, हे फुर्बाला ठाऊक नव्हतं. पण तिने श्वास घेताच त्याने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी खाट घट्ट धरली.